आबांचा पहारा

वर्षभर या सदरातून मी शब्दांच्या पाठीस लागलेली असते. कुठला शब्द कुठून आला, कुणाच्या घरी वाढला आणि पुढे कुणी त्याला घराबाहेर काढले, याची चौकशी करणे हा माझा पोटाचाही उद्योग आहे आणि हौसेचाही. दिवाळी अंकासाठी काय लिहावे या विवंचनेत परवा माळ्यावरची जुनी टिपणवही काढली, तर तिच्या पहिल्याच पानावर माझ्या शाळकरी अक्षरात तीन शब्द सापडले : रंगरूट, दलेल, हुकुमदार. पुढे अर्थ लिहिलेला नव्हता. तशी गरजही नव्हती, कारण हे शब्द आमच्या घरात मीठमसाल्यासारखे रोज लागत. ते आणणारे गृहस्थ म्हणजे माझे आजोबा. तेव्हा या खेपेस शब्दांना जरा बाजूला बसवते, आणि ज्याने ते आणले त्या माणसाविषयीच लिहिते.

रंगरूट म्हणजे रिक्रूट, पलटणीत नवा भरती झालेला शिपाई. आमच्या घरी जन्मलेले प्रत्येक मूल आबांच्या लेखी रंगरूट असे आणि ते बारशाच्या आधीपासून. दलेल म्हणजे शिक्षेची कवाईत. पाढा चुकला की दलेल, ताटात टाकले की दलेल. म्हणजे वाड्याच्या चौकात दप्तर पाठीला लावून दहा फेऱ्या, आणि अकरावी फेरी आबा स्वतः आमच्याबरोबर मारीत. हुकुमदार हा मात्र माझा लाडका शब्द. रात्रीच्या पहारेकऱ्याने अंधारात चाहूल लागताच 'हू कम्स देअर' असे दरडावायचे असते. देशी शिपायाच्या जिभेवर त्या तीन इंग्रजी शब्दांचा एक दणदणीत 'हुकुमदार' झाला. आमच्या नाना पेठेतल्या वाड्यात रात्री दहानंतर कुणी जिना चढू लागले की वरून अंधारातून आवाज येई, "हुकुमदार!" माझे वडील तेव्हा चाळिशीला आलेले, कचेरीत हाताखाली माणसे असलेले गृहस्थ, पण त्यांनाही जिन्यात थांबून "दोस्त!" असे म्हणावे लागे. त्याशिवाय कडी निघत नसे.

आबा मूळचे साताऱ्याकडचे. त्या बाजूला घरटी एक माणूस पलटणीत अशी गावे पुष्कळ. अपशिंगे या गावाच्या नावाला तर 'मिलिटरी' हा शब्दच कायमचा चिकटला आहे. आबा १९४१ साली, एकोणीस वर्षांचे असताना भरती झाले. बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरुटी केली आणि मग पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजेच १७६८ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या 'जंगी पलटणी'त गेले. आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर ही पलटण इराक, इराण, सीरिया असे करीत १९४३ च्या सप्टेंबरात इटलीत तारांतो बंदराला लागली. लढाई संपेपर्यंत मग इटलीच. परत आल्यावर १९४६ साली लग्न, १९५६ साली पंधरा वर्षांची नोकरी भरून हवालदार म्हणून पेन्शन, आणि पुढे पुण्यात एका बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन स्टुलावर बसणे. त्या स्टुलावरून ते उठले १९८० साली. त्याच वर्षी माझा जन्म झाला. त्यामुळे आबांच्या आयुष्यातली पहिली रिकामी वर्षे संपूर्णपणे माझ्या वाट्याला आली, हे माझे केवढे भाग्य, हे मला फार उशिरा उमगले.

आई टेलिफोन खात्यात होती. तिची सकाळची पाळी असली की ती पहाटेच घर सोडी आणि माझ्या दोन वेण्या घालण्याचे काम आबांकडे येई. आजीच्या बोटांना संधिवात, म्हणून. हे काम आबांनी पलटणीच्या रीतीने अंगावर घेतले. आधी आईकडून त्याचे शिक्षण घेतले. मग आठवडाभर सुतळीवर सराव केला. भांग पाडताना ते एक डोळा मिटून नेम धरल्यासारखे पाहत. दोन्ही वेण्या कानापासून सारख्या अंतरावर, दोन्ही फिती सारख्या लांबीच्या. वर्गात आमच्या बाईंनी एकदा विचारले, "तुझी आई फार टापटिपीची दिसते." मी सांगितले, "आबांनी घातल्यात." मग मधल्या सुटीत साऱ्या वर्गाने त्या वेण्या येऊन पाहिल्या. शाळा सुटण्याआधी अर्धा तास आबा फाटकाशी येऊन उभे राहत. बसत नसत. कुणी म्हणाले, "हवालदार, टेका की जरा," तर म्हणत, "ड्यूटी हाय."

मला नवव्या वर्षी विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस आबा माझ्या खाटेशी रात्रीचे बसून होते. तापाच्या ग्लानीत मला मधूनच जाग येई आणि भीती वाटे. मी काही बोलण्याच्या आत अंधारातून हलका आवाज येई, "हुकुमदार?" मी म्हणे, "दोस्त." मग झोप लागे. डॉक्टरांच्या औषधाने मी बरी झाले यात शंका नाही. आपला मान मी त्यांना देतेच.

दिवाळीविषयी सांगितलेच पाहिजे. आमच्या घरी फटाके हा दारूगोळा असे आणि तो आबांच्या कोठारात, म्हणजे तांदळाच्या रिकाम्या डब्यात, बंद असे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झालेल्या नातवंडांची रांग लागे. प्रत्येकास इतक्या फुलबाज्या, इतकी भुईचक्रे, इतक्या लवंग्या अशी मोजून वाटणी होई आणि वहीत सही घेतली जाई. सही न येणाऱ्याचा अंगठा. न उडालेला फटाका परत जमा करावा लागे. या साऱ्या बंदोबस्तात आबा स्वतः मात्र फटाके उडवायच्या वेळी चौकात नसत. ते न्हाणीघरात बंबापाशी जाऊन बसत आणि एकामागून एक ढलप्या घालीत राहत. पाणी आधण येऊन वाफ कोंदली तरी ढलप्या घालणे चालूच. आम्हाला वाटे, त्यांना बंबाची भारी आवड.

लढाईच्या गोष्टी मात्र आबा खूप सांगत. आणि वाचकांनी ऐकल्या असतील तशा शूरपणाच्या त्या नसत. त्या साऱ्या गमतीच्या. खेचर अडून बसले आणि साहेबाची टोपी खाऊन गेले, ही गोष्ट. इटलीतल्या म्हातारीने शेवया म्हणून काय वाढले आणि त्या हाताने खाव्यात की काट्याने यावर सेक्शनमध्ये कसे तट पडले, ही गोष्ट. त्या देशाचे भूगोलवर्णन ते एका वाक्यात करीत : "नदी वलांडायची, की पल्याड पुन्यांदा नदी." हे वाक्य मी पुढे नकाशाशी ताडून पाहिले. सांग्रो, गारी, आर्नो, सेनिओ; आठव्या डिव्हिजनचा तो सगळा मार्ग म्हणजे खरोखरच एका नदीतून निघून दुसरीत पडणे होते. सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधवांनी जखमी अधिकाऱ्याला पाठीवर घेऊन पाणी पार केले, मशिनगनची ठाणी एकट्याने बंद पाडली आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव आबांच्याच पलटणीतले. एवढी एकच शौर्याची गोष्ट आबा सांगत आणि ती सांगताना उठून नीट बसत. आपण स्वतः त्या दिवशी कुठे होतो हे त्यांनी कधी सांगितले नाही. विचारले तर म्हणत, "पाण्यात."

या गोष्टींत एक चित्रांची गोष्ट होती. ती आम्हा मुलांना फारशी आवडत नसे, कारण तीत खेचर नव्हते. फ्लॉरेन्स शहराच्या अलीकडे टेकडीवर एक जुनी गढी होती. पलटण तिथे शिरली तर आत दालनांतून चित्रेच चित्रे. भिंतींना टेकवून ठेवलेली, एकापुढे एक. काही माणसाच्या दुप्पट उंच. गढीतला एक इटालियन म्हातारा हात जोडून मागे मागे फिरत होता. साहेबाने हुकूम केला, कुणी हात लावायचा नाही, दारावर पहारा. "चार घंटे मी एकटा त्या बायांम्होरं हुबा," आबा सांगत. "बागेतल्या बाया. मागं संत्र्याची झाडं. एकीच्या अंगावर समदं फुलांचं पातळ, आन् वट्यात फुलं. वर एक उघडं पोरगं, डोळ्यांला पट्टी, हातात बाण. आन् समद्यांचं पाय अनवाणी. निस्ता कडंचा एक गडी, कमरेला तलवार, त्याच्याच पायांत बूट. तेबी पुढनं उघडं. तेवढा एकच ड्यूटीवर आसंल." दुसऱ्या एका चित्रात लढाई होती, भाल्यांचे रान आणि पडलेली घोडी. त्यावर आबांचा अभिप्राय असा : "घोडी झ्याक. पर त्या लढाईत चिखूल न्हवता."

आता जे लिहायचे आहे ते लिहिणे मला जड जाते. पण त्यासाठीच हे सारे लिहायला बसले आहे.

१९९९ साल. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजातल्या चार मैत्रिणी घरी आल्या होत्या. आबा सत्याहत्तर वर्षांचे. त्यांनी चहाचे कप आणून ठेवले आणि नव्या श्रोत्या पाहून रंगात येऊन चित्रांची गोष्ट काढली. त्या वयात आपल्याला सगळ्या जगाची कला समजू लागलेली असते आणि घरातली माणसे तेवढी अडाणी दिसू लागलेली असतात. 'उघडं पोरगं' आल्यावर एक मैत्रीण हसली. मी म्हणाले, "आबा, ते एखादं कॅलेंडर पाहिलं असेल तुम्ही. लढाईत कोण चित्रं मांडून ठेवतं?" सगळ्या हसल्या. आबाही हसले. म्हणाले, "आसंल बाई," आणि रिकामे कप उचलून आत गेले.

त्यानंतर ते तीन वर्षे जगले. खेचराची गोष्ट सांगत, शेवयांची सांगत. चित्रांची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही. मी एम. ए.च्या परीक्षेला बसले तेव्हा ते केंद्राच्या फाटकाशी उभे होते. २००२ साली, पावसाळ्याच्या तोंडाशी, दोन दिवसांच्या आजारात गेले.

दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी भलत्याच कामासाठी एक पुस्तक चाळीत होते. महायुद्धात चित्रे कशी वाचवली गेली याची त्यात हकीकत होती. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली चित्रे बाँबहल्ल्याच्या भयाने आसपासच्या खेड्यांतील वाड्यांतून हलवलेली होती. त्यांतला एक वाडा मोन्तेगुफोनीची गढी. सिटवेल या इंग्रज घराण्याच्या मालकीची. उफिझीचे ग्रंथपाल चेझारे फासोला चित्रांच्या काळजीने आघाडीच्या धुमश्चक्रीतून तिथे येऊन राहिले होते. १९४४ च्या जुलैअखेर तिथे पोचली मराठा पलटण. एरिक लिंकलेटर हा स्कॉटिश लेखक आणि वॉन-टॉमस हा बी. बी. सी.चा वार्ताहर त्या पलटणीला भेटायला म्हणून गेले आणि त्यांना आत बॉटिचेल्लीचे 'प्रिमावेरा', म्हणजे 'वसंत', दिसले. उच्चेल्लोची भाल्यांची लढाईही तिथेच होती. दारांवर आमच्याकडचे शिपाई उभे.

पान उलटले तर समोर चित्र. संत्र्याची झाडे. फुलांचे वस्त्र, ओच्यात फुले. डोळ्यांना पट्टी बांधलेले पोर. मी खाली पाय पाहिले. सारे अनवाणी, डाव्या कडेच्या गड्याच्या पायांत तेवढे बूट, आणि बोटे उघडी.

या चित्रावर विद्वानांनी पाचशे वर्षांत काय काय लिहिले आहे ते मी नंतर थोडे वाचले. कडेचा तो तरुण म्हणजे देवदूत मर्क्युरी. तो ढग हाकलतो आहे, की फळाकडे हात करतो आहे, की वनाची राखण करतो आहे, यावर मतभेद आहेत. राखण करतो आहे हे मत मला आधीच एका हवालदाराकडून कळले होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. त्या दालनाच्या दारावर चार घंटे उभा होता तो शिपाई माझाच आजोबा, याला कागदोपत्री पुरावा माझ्याजवळ नाही. पलटण तीच, साल तेच, चित्र तेच, आणि पाय तेच. माझ्या विद्यार्थ्यांनी एवढ्या आधारावर निष्कर्ष काढला तर मी त्यांना गुण देईन.

पुस्तक घेऊन मी घरी आले. आजी होती, चौऱ्याऐंशीची. तिला चित्र दाखवले, हकीकत सांगितली, आणि त्या दिवशीच्या चहाचीही सांगितली. ती काही बोलली नाही. चष्मा लावून पुष्कळ वेळ चित्र पाहत राहिली. मग बोट ठेवून म्हणाली, "ह्यालाच तेवढं बूट दिलंत व्हय?" आणि थोड्या वेळाने, "बुटापायीच सारं झालं बग."

इथे मला दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. शब्दांच्या नादात राहून गेल्या. आबांच्या बुटांत तोंड दिसे. रोज सकाळी अर्धा तास त्यांचे पॉलिश चाले. परंतु सुटीत गावी गेलो की एस. टी.तून उतरल्यावर वेशीच्या अलीकडेच आबा खाली बसत, बूट काढीत, नाड्या एकमेकींत बांधून हातात घेत आणि घरापर्यंत अनवाणी चालत. उन्हाळ्यातदेखील. आम्ही मुले म्हणायचो, आबा पॉलिश जपतात. आणि दुसरी गोष्ट मनिऑर्डरची. दर महिन्याच्या एक तारखेला मी आबांबरोबर पोस्टात जाई. गावातल्या एका बाईंच्या नावे तीस रुपये. फॉर्म मी लिहीत असे. खालच्या मजकुराच्या जागेत दरवेळी तेच : 'सर्व खुशाल. तब्येतीस जपावे.' कोण त्या, असे विचारले की आबा म्हणत, "आमच्या गड्याचं घर हाय." पाच रुपयांपासून सुरू झालेली ती मनिऑर्डर म्हणे माझ्या वडिलांच्या लहानपणापासून जात होती. १९९४ साली एकदा ती परत आली. 'मयत' एवढाच शेरा. आबांनी पैसे दोनदा मोजून घेतले. पुढचे कित्येक महिने ते एक तारखेला पोस्टात जात, बाकावर बसत आणि परत येत.

आजीने त्या दिवशी सांगितले ते असे. भरतीला आबा एकटे गेले नव्हते. शेजारच्या घरचा जोडीचा गडी होता. त्याची आई त्याला सोडीना. घरात तो एकच कर्ता, नुकते लग्न झालेले. आबांनी त्या माउलीला गळ घातली. काय सांगितले, तर "बूट देत्यात". दोघांच्याही पायांत तोवर वहाणदेखील कधी आली नव्हती. आई अखेर हसून म्हणाली, ने बाबा, पण परत आण. तो गडी सांग्रो नदीवर पडला. १९४३ चा नोव्हेंबर. पाऊस आणि चिखल. तिथे हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला, आणि आज त्या नदीवरच्या युद्धस्मशानात पाचशेहून अधिक हिंदी जवानांची नावे कोरलेली आहेत. हे मी वाचलेले. आजीला त्यातले काही ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होते ते गावातले. लढाई संपून आबा गावात आले ते वेशीतून बूट वाजवीत. त्या घरावरूनच वाट. आवाज ऐकून ती आई धावत उंबऱ्यापर्यंत आली. तिला वाटले, दोघे आलेत.

"तवापास्नं," आजी म्हणाली.

मी गप्प होते. आजीने लुगड्याच्या पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि पुस्तक आपल्याकडे ओढून घेतले.

"ती घोड्याची लढाई कुठं हाय?" ती म्हणाली. "चिखूल न्हाई म्हनायचं ती."